एएस/४०० वर बाहेरून वेब रिक्वेस्ट घ्यायची आहे, जुना आरपीजी तसाच ठेवून

तुमचा प्रश्न मी असा समजलो: मशीन आयबीएम आय ७.४ (तेच जुनं एएस/४००), ऑर्डर एंट्रीचा आरपीजी प्रोग्राम (आरपीजी ही या मशीनची जुनी भाषा) वीसेक वर्षं ग्रीन स्क्रीनवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या टर्मिनलवर, चालतोय, आता वेबसाइटवाल्यांना त्याच मशीनला स्टॉक विचारायचाय आणि ऑर्डर टाकायचीय, सगळं जेसनमध्ये, म्हणजे वेबवर डेटा पाठवायच्या साच्यात. तुम्ही एचटीटीपीएपीआय ही आरपीजीची लायब्ररी उतरवून दोन दिवस झटापट केलीत पण बाहेरून आलेली रिक्वेस्ट "ऐकायची" कुठे तेच सापडेना. सापडणारही नाही, कारण एचटीटीपीएपीआय हे आपण दुसऱ्याला फोन लावायचं साधन आहे. एसक्यूएलमधली एचटीटीपी-गेट, एचटीटीपी-पोस्ट ही फंक्शनंसुद्धा तीच, बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्टसाठी. तुम्हाला फोन उचलणारा हवाय. हा घोळ इतक्या जणांचा होतो की यात वाईट वाटून घेऊ नका.

फोन उचलणारा मशीनवर आधीच आहे. अपाचेवर चालणारा आयबीएमचा एचटीटीपी सर्व्हर, प्रॉडक्ट ५७७०-डीजी१, सिस्टीमबरोबरच येतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. तेव्हा कोणी मिडलवेअर घ्यायचं म्हणत असेल तर आधी आहे ते वापरून बघू म्हणा. (मी सवयीने एएस/४०० म्हणतो. १९८८ मध्ये आलं तेव्हा तेच नाव होतं, मग आयसिरीज, सिस्टीम आय, २००८ पासून आयबीएम आय. मशीन कुठल्याही हाकेला ओ देतं.)

आत यायची दारं मुख्यतः तीन.

पहिलं आयडब्ल्यूएस, इंटिग्रेटेड वेब सर्व्हिसेस. २००१ पोर्टवरच्या वेब अ‍ॅडमिनमध्ये विझार्ड आहे, त्याला तुमचा प्रोग्राम किंवा सर्व्हिस प्रोग्राम दाखवायचा, तो पॅरामीटर वाचतो आणि रेस्ट किंवा सोप (वेब सर्व्हिसचे दोन प्रकार) सर्व्हिस बनवून देतो. जेसन तुम्हाला शिवावंसुद्धा लागत नाही. फक्त कंपाइल करताना पीजीएमइन्फोला पीसीएमएल, म्हणजे पॅरामीटरचं वर्णन, मॉड्यूलमध्येच टाकायला सांगा, नाही तर विझार्डला पॅरामीटर दिसत नाहीत आणि माणूस उगाच ऑथॉरिटी तपासत बसतो. अ‍ॅरे परत देणार असाल तर सोबत किती ओळी भरल्यात त्याचं काउंट फील्ड द्या आणि ते लेंथ फील्ड आहे हे विझार्डला कळू द्या. हे विसरलात तर १०० च्या अ‍ॅरेत ३ ओळी भरलेल्या आणि ९७ रिकाम्या अशी रांग वेबसाइटवाल्यांकडे जाते आणि ते तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवतात.

दुसरं दार म्हणजे अपाचेखाली सीजीआय प्रोग्राम. कॉन्फिगरेशनमध्ये स्क्रिप्ट-एलियासने एक यूआरएल तुमच्या प्रोग्रामला जोडायची, मग रिक्वेस्ट आली की अपाचे तुमचा आरपीजी कॉल करतो. सगळं हातात राहतं, यूआरएल कशी दिसेल, स्टेटस कोणता जाईल, जेसनची ठेवण काय असेल, पण लिहायलाही तुम्हालाच लागतं.

तिसरं, पेसमध्ये (मशीनवरचं युनिक्ससारखं वातावरण) नोड किंवा पायथन चालवायचं आणि त्यातून डेटाबेस किंवा आरपीजी बोलवायचा. टीममध्ये नोड येणारी माणसं असतील आणि ती टिकणार असतील तर छान आहे, नसतील तर रात्री दोनला बंद पडलेलं कोण बघणार हे आधी ठरवा.

माझं मत विचाराल तर तुमच्या दोन सर्व्हिससाठी स्टॉकची चौकशी आयडब्ल्यूएसने करा, अर्ध्या दिवसात उभी राहते आणि वरिष्ठांना दाखवायला काहीतरी मिळतं. ऑर्डर मात्र सीजीआयने घ्या, कारण तिथे एररचा स्टेटस आणि डुप्लिकेटची हाताळणी आपल्या हातात असलेली बरी. पण दार कुठलं हा प्रश्न खरं तर दुय्यम आहे. मी जिथे जिथे अशी कामं बिघडलेली बघितली तिथे एचटीटीपीचा भाग ठीकच होता. बिघडलं ते या गोष्टीमुळे की आतला प्रोग्राम समोर माणूस बसलाय असं धरून लिहिलेला होता. चूक झाली तर कोणी तरी एफ३ दाबेल, लॉक लागला तर कोणी तरी शेजाऱ्याला ओरडेल, मेसेज आला तर कोणी तरी सी टाइप करेल. वेबवरून आलेल्या रिक्वेस्टमागे असा कोणी नसतो. तेव्हा माझं बाकीचं उत्तर बरंचसं यावरच आहे.

सगळ्यात आधी प्रोग्राम फोडा. डिस्प्ले फाइल एकीकडे, धंद्याचे नियम दुसरीकडे. ऑर्डर तपासणं, क्रेडिट बघणं, स्टॉक वळता करणं, नंबर देणं हे सगळं एका सर्व्हिस प्रोग्रामच्या प्रोसिजरमध्ये, आत एक डेटा स्ट्रक्चर, बाहेर एक डेटा स्ट्रक्चर आणि एक एरर कोड. जुना स्क्रीन प्रोग्राम तीच प्रोसिजर बोलवेल आणि नवा वेबचा प्रोग्रामही तीच. हे काम कंटाळवाणं आहे, जुन्या कोडमध्ये इंडिकेटर ३१ (चालू-बंदची खूण) चालू असेल तर अमुक असलं काहीतरी निघतं आणि ते ३१ कुठे चालू होतं ते शोधण्यात सकाळ जाते. पण हे न करता स्क्रीन प्रोग्रामची कॉपी मारून त्यातून एक्सएफएमटी (स्क्रीन दाखवून उत्तराची वाट बघणारी आज्ञा) काढून टाकणारे पुढे दोन ठिकाणी दोन नियम सांभाळत बसतात, आणि सहा महिन्यांनी वेबवरून आलेल्या ऑर्डरला वेगळा डिस्काउंट का लागला याचं उत्तर कोणाकडे नसतं.

आता सीजीआयचा प्रोग्राम आतून कसा दिसतो ते. मेथड, पाथ, क्वेरी स्ट्रिंग हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये येतं, ते वाचायला क्यूटीएमएच-गेट-एन्व्ह हा एपीआय. पोस्टची बॉडी स्टँडर्ड इनपुटवर येते, ती क्यूटीएमएच-रीड-स्टँडर्ड-इनवाल्या एपीआयने वाचायची, उत्तर स्टँडर्ड आउटवर लिहायचं. नावांमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो, प्रोटोटाइपमध्ये एक्स्टप्रॉकला नाव अवतरणात जसंच्या तसं द्या. क्लायंटने पाठवलेला कुठलाही स्वतःचा हेडर तुमच्यापर्यंत येताना सगळा कॅपिटल होतो, डॅशच्या जागी अंडरस्कोअर येतो आणि पुढे एचटीटीपी अंडरस्कोअर लागतं, म्हणजे हेडर त्यांनी लिहिला त्याच नावाने शोधलात तर रिकामं मिळेल.

उत्तर लिहिताना आधी हेडर, मग एक रिकामी ओळ, मग बॉडी. ही रिकामी ओळ विसरली की ब्राउझरमध्ये ५०० दिसतो आणि एरर लॉगमध्ये हेडर नीट संपला नाही अशा अर्थाचं काहीतरी. आरपीजीत ओळ संपवायला लोक हेक्स १५ वापरतात, दोनदा लिहिला की रिकामी ओळ झाली. स्टेटस वेगळा द्यायचा असेल तर स्टेटस नावाचा हेडर लिहायचा, ४०४ किंवा ४०९ जे असेल ते. स्टेटस द्याच. सगळ्याला २०० देऊन आत जेसनमध्ये एरर-वाय असं टाकणाऱ्या सर्व्हिस मी पुष्कळ निस्तरल्यात, समोरचा प्रोग्राम २०० बघतो आणि ऑर्डर झाली समजून पुढे जातो.

जेसन वाचायला याजल वापरा, स्कॉट क्लेमेंट यांनी आपल्या मशीनसाठी आणलेली आवृत्ती आहे, फुकट आहे, आणि आरपीजीच्या डेटा-इन्टू ऑपकोडला ती पार्सर म्हणून जोडता येते. जेसनसारखाच आकार असलेलं डेटा स्ट्रक्चर बांधायचं, एका ओळीत भरून येतं. एसक्यूएलची सवय असेल तर जेसन-टेबल आहे. हाताने स्कॅन आणि सबस्ट्रिंग करून जेसन वाचू नका, पहिल्या दिवशी चालतं आणि समोरच्याने एक स्पेस वाढवली की मोडतं.

एब्सिडिक, म्हणजे या मशीनची अक्षरं साठवायची पद्धत, तिच्याबद्दल थोडं थांबून सांगतो कारण इथे वेळ फार जातो. जग यूटीएफ-८ मध्ये बोलतं, आपला जॉब एब्सिडिकमध्ये. अपाचे मध्ये बसून भाषांतर करतो, पण कशातून कशात हे त्याला नीट सांगावं लागतं. कॉन्फिगरेशनमध्ये नेटची सीसीएसआयडी (अक्षरसंचाचा नंबर) १२०८, म्हणजे यूटीएफ-८, आणि सीजीआय जॉबची तुमच्या डेटाची, म्हणजे समजा ३७, हे दोन्ही स्पष्ट लिहा, डिफॉल्टवर सोडू नका. सिस्टीम व्हॅल्यू क्यूसीसीएसआयडी बऱ्याच मशीनवर ६५५३५ असते, तिचा अर्थ "भाषांतर करू नको", त्यामुळे तिच्या भरवशावर राहाल तर कधी काय होईल याचा नेम नाही.

आणि मजा अशी की एब्सिडिक हे एकच नाही. ३७ मध्ये चौकोनी कंस उघडणारा हेक्स बीए आहे, ५०० मध्ये तोच कंस हेक्स ४ए. महिरपी कंस ३७ मध्ये सी० आणि डी०, पण जर्मन २७३ मध्ये ४३ आणि डीसी. ए ते झेड आणि ० ते ९ सगळीकडे सारखे, म्हणून नावं, आकडे बरोबर दिसतात आणि नेमके जेसनचे कंस मोडतात. एकदा एका ठिकाणी पार्सर पहिल्याच अक्षरावर "इनव्हॅलिड" म्हणून बसत होता, स्क्रीनवर बघावं तर महिरपी कंस अगदी नीट. हेक्समध्ये बघितल्यावर कळलं की सोर्स मेंबरची सीसीएसआयडी एक, जॉबची दुसरी, आणि प्रोग्राममध्ये लिटरल म्हणून लिहिलेला कंस हा कंपाइलच्या वेळचा कंस होता, रनटाइमचा नव्हे. तेव्हापासून शंका आली की मी स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही, डीबगमध्ये व्हेरिएबलपुढे कोलन एक्स लावून हेक्स बघतो.

जे अक्षर ३७ मध्ये नाहीच त्याचं काय होतं? त्याच्या जागी हेक्स ३एफ बसतं, सब्स्टिट्यूट कॅरेक्टर. एकदा ते फाइलमध्ये गेलं की मूळ अक्षर गेलं ते गेलंच. वेबवरून लोक वर्डमधून कॉपी केलेले वळणदार कोट, लांब डॅश, इमोजी सगळं पाठवतात. रिमार्कचं फील्ड असेल आणि असलं काही जपायचं असेल तर सीजीआय कन्व्हर्जन मोड बायनरी ठेवा, बाइट जसेच्या तसे घ्या आणि यूटीएफ-८ सीसीएसआयडी दिलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, ७.२ पासून आरपीजीत ते जमतं. जपायचं नसेल तर निदान ३एफ आला का ते तपासा आणि ४०० देऊन परत पाठवा, गुपचूप गिळू नका. हिरव्या स्क्रीनवर ३एफ आला की काही एम्युलेटर फारच विचित्र वागतात.

दुसरी एक बारीक खोडी. आरपीजीत परसेंट-कॅर ला ०.५० दिलं की ".५०" मिळतं, पुढचं शून्य नाही. जेसनच्या नियमात आकडा पॉइंटने सुरू होऊच शकत नाही. टेस्टिंगमध्ये सगळ्या किमती एकाच्या वर होत्या म्हणून चालून गेलं, आणि लाइव्हवर पहिली पन्नास पैशांची वस्तू आली की समोरचा पार्सर आडवा. हाताने स्ट्रिंग जोडून जेसन बनवणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी चावतं. डेटा-जेन किंवा याजलची फंक्शनं वापरा, ती बघून घेतात. तारखांचंही तसंच, आत ७ आकडी शतकवाली तारीख असू दे, बाहेर आयएसओच जाऊ दे.

आता मूळ मुद्दा, माणूस नसण्याचा. एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. वेबवरून ऑर्डर यायला लागून पंधरा-वीस दिवस झालेले, सगळे खूश. एक दिवस एका ग्राहकाच्या नावावर एकाच मालाच्या तीन ऑर्डर, वीस-वीस सेकंदांच्या अंतराने पाठवलेल्या. वेबसाइटवाले म्हणाले आमच्याकडून एकदाच बटण दाबलं गेलंय, आमचे लोक म्हणाले तीन रिक्वेस्ट आल्या, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये दिसतायत. दोघंही खरं बोलत होते.

झालं होतं असं. अकाउंट्समधल्या एकाने त्या ग्राहकाचं मास्टर रेकॉर्ड चेंज मोडमध्ये उघडलं आणि उठून गेला. जुना स्क्रीन प्रोग्राम साधा चेन (रेकॉर्ड वाचायची आज्ञा) करायचा, एक्स्टेंडर एन (लॉक न लावता वाच) नाही, म्हणजे एक्सएफएमटीवर स्क्रीन थांबलेली असेपर्यंत रेकॉर्ड लॉक. तेवढ्यात वेबवरून ऑर्डर आली, तिला क्रेडिट बॅलन्स अपडेट करायला तेच रेकॉर्ड हवं. फिजिकल फाइल बनवताना वेटरेकॉर्ड (लॉक सुटायची किती वाट बघायची) कोणी बदललेलं नसतं, डिफॉल्ट ६० सेकंद. म्हणून आपला जॉब निवांत वाट बघत बसला. वेबसाइटचा टाइमआउट २० सेकंद, तिने कंटाळून फोन ठेवला आणि पुन्हा लावला. क्लायंटने कनेक्शन तोडलं म्हणून आपला आरपीजी थांबत नाही बरं का, तो तसाच लॉकच्या दारात उभा. चाळिसाव्या सेकंदाला तिसरी रिक्वेस्ट. पन्नासाव्या सेकंदाला तो माणूस परत आला, एफ१२ दाबला, लॉक सुटला आणि रांगेतले तिन्ही जॉब एकामागून एक आत शिरले. तिन्ही ऑर्डर झाल्या, आणि त्यातल्या दोघींचं उत्तर ऐकायला पलीकडे कोणीच नव्हतं.

तो दहा सेकंद उशिरा आला असता तर वेगळी गंमत, पहिल्या जॉबला आरएनएक्स१२१८ म्हणजे रेकॉर्ड लॉक्डचा एरर, तो मॉनिटर केलेला नाही म्हणून इन्क्वायरी मेसेज थेट क्यूसिसऑपरला (ऑपरेटरच्या मेसेज क्यूला), आणि जॉब एमएसजीडब्ल्यू मध्ये, म्हणजे उत्तराची वाट बघत. ग्रीन स्क्रीनवर यूझर तिथेच सी दाबतो. इथे कोणी उत्तर देईपर्यंत तो सीजीआय जॉब अडकलेला, पुढच्या रिक्वेस्टला अपाचे नवा जॉब देतो, तोही अडकतो, आणि वर्कअ‍ॅक्टजॉब मध्ये, म्हणजे चालू जॉबच्या यादीत, क्यूएचटीटीपीएसव्हीआर सबसिस्टीम बघाल तर एमएसजीडब्ल्यूची माळ लागलेली.

यावर आम्ही काय केलं ते क्रमाने. सीजीआय जॉबमध्ये ओव्हरराइडने वेटरेकॉर्ड ५ सेकंदांवर आणलं, मिळालं नाही तर ५०३ आणि रिट्राय-आफ्टर हेडर. पूर्ण प्रोग्रामभोवती मॉनिटर, ऑन-एररमध्ये जॉब लॉगमध्ये नोंद, रोलबॅक (अर्धवट बदल मागे घेणं) आणि ५००, आणि तरीही काही निसटलं तर जॉबचं इन्क्वायरी मेसेज रिप्लाय डिफॉल्टवर, म्हणजे कोणाची वाट न बघता मरेल. जुन्या स्क्रीन प्रोग्राममध्ये चेनला एन लावला आणि एंटर दाबल्यावर पुन्हा लॉकसकट वाचून मधल्या काळात कोणी बदललं का ते तपासलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेबसाइटला सांगितलं की प्रत्येक ऑर्डरसोबत तुमचा एक युनिक नंबर पाठवा आणि रिट्राय करताना तोच पाठवा. आमच्याकडे त्या नंबरवर युनिक इंडेक्स असलेलं छोटं टेबल, ऑर्डरच्या ट्रान्झॅक्शनमध्येच पहिला इन्सर्ट त्यात. एसक्यूएलस्टेट २३५०५ आलं, म्हणजे डुप्लिकेट, की नवी ऑर्डर नाही, आधीच्या ऑर्डरचा नंबर वाचून तोच परत द्यायचा. आधी सिलेक्ट करून "आहे का" बघायचं आणि मग इन्सर्ट असं करू नका, दोन जॉब एकाच क्षणी विचारतात आणि दोघांनाही "नाही" उत्तर मिळतं. इंडेक्सला ठरवू द्या.

ट्रान्झॅक्शन म्हटलं की फाइल जर्नल केलेल्या (प्रत्येक बदलाची नोंद होणाऱ्या) हव्यात, नाही तर कमिटमेंट कंट्रोलखाली एसक्यूएल७००८ येतं. जुन्या मशीनवर निम्म्या फाइल जर्नल नसतात, एसटीआरजेआरएनपीएफ (जर्नल सुरू करायची आज्ञा) मारायच्या आधी डिस्क आणि रिसीव्हर (जर्नलच्या नोंदी साठतात ते) डिलीट करायची सोय बघून घ्या.

रोलबॅकचा मुद्दा पुन्हा सांगतो कारण तो वाटतो त्याहून घातक आहे. ग्रीन स्क्रीनचा यूझर साइन-ऑफ करतो, जॉब संपतो, लॉक सुटतात. सीजीआयचा जॉब संपत नाही. अपाचे तोच जॉब पुढच्या रिक्वेस्टला वापरतो, ती रिक्वेस्ट वेगळ्या ग्राहकाची असते. तुम्ही एररच्या वाटेवर रोलबॅक न करता रिटर्न केलंत तर अर्धवट बदल आणि त्यांचे लॉक तसेच लटकत राहतात, आणि पुढची रिक्वेस्ट यशस्वी होऊन कमिट करते तेव्हा मागच्याचा कचराही कमिट होतो. मी रिक्वेस्टच्या सुरुवातीलाच एक रोलबॅक मारून ठेवतो. वेडेपणा वाटेल, पण झोप नीट लागते.

हेच व्हेरिएबलचं. वेगासाठी एलआर (प्रोग्राम संपल्याची खूण) ऑन न करता रिटर्न करायचं हे बरोबरच आहे, दर वेळी फाइल उघडण्यात वेळ जातो. पण मग ग्लोबल व्हेरिएबल मागच्या रिक्वेस्टचे आकडे धरून बसतात. ऑर्डरच्या ओळींचा अ‍ॅरे साफ करायचा राहिला आणि आधीच्या ग्राहकाच्या पाच ओळींपैकी शेवटच्या दोन पुढच्या, तीन ओळींच्या ग्राहकाला दिसल्या असं झालेलं आहे. एकट्याने टेस्ट करताना हे दिसत नाही कारण तुम्ही एकच ग्राहक वापरता. शक्य तितकं प्रोसिजरच्या आत लोकल ठेवा, उरलेलं पहिल्या ओळींत क्लिअर किंवा रिसेट. अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप (जॉबमध्ये प्रोग्राम राहतो तो कप्पा) नाव दिलेला ठेवा, न्यू नको, न्यू म्हणजे दर रिक्वेस्टला घर बांधायचं आणि पाडायचं.

लायब्ररी लिस्टही अशीच. सीजीआय प्रोग्राम क्यूटीएमएचएचटीपी१ या यूझरखाली चालतो, तुमच्या नव्हे, त्यामुळे तुमच्या साइन-ऑनला येणारी लिस्ट तिथे नसते. कॉन्फिगरेशनमध्ये सेट-एन्व्हने क्यूआयबीएम_सीजीआय_लायब्ररी_लिस्ट देता येते, ती द्या. टेस्टच्या लायब्ररी आणि लाइव्हच्या लायब्ररींसाठी दोन वेगळे सर्व्हर इन्स्टन्स, दोन वेगळे पोर्ट. एकाच इन्स्टन्समध्ये यूआरएलवरून लायब्ररी बदलायचे चतुर उपाय करू नका.

ऑथॉरिटीत अडकलात की क्यूटीएमएचएचटीपी१ ला ऑल-ऑब्जेक्ट देऊन मोकळं व्हायचा मोह होईल. देऊ नका. प्रोग्रामवर यूझ, लायब्ररीवर एक्झिक्यूट, आणि डेटा प्रोग्रामच्या मालकाच्या अ‍ॅडॉप्टेड ऑथॉरिटीने. आयडब्ल्यूएसचा यूझर वेगळा, डिफॉल्ट क्यूडब्ल्यूसर्व्हिस, त्यालाही हाच नियम. टीएलएससाठी (कनेक्शन गुप्त ठेवण्यासाठी) सर्टिफिकेट डीसीएममध्ये (मशीनवरचा सर्टिफिकेट मॅनेजर) टाकून सर्व्हरच्या अ‍ॅप्लिकेशन आयडीला जोडायचं, आणि ते कधी संपतं ते कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका. मशीन थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या रिक्वेस्ट आधी घेणारा सर्व्हर) असू दे आणि मशीनला फक्त तिच्याकडूनच बोलता येऊ दे. आणि एसक्यूएल स्ट्रिंग जोडून बनवत असाल तर आजच बंद करा, होस्ट व्हेरिएबल किंवा पॅरामीटर मार्कर. ग्रीन स्क्रीनवर दहा अक्षरांच्या फील्डमध्ये कोणी काय करणार होतं, पण वेबवरून येणाऱ्या स्ट्रिंगला तसली मर्यादा नसते.

ऑर्डर झाल्यावर जर इनव्हॉइस छापणं, मेल पाठवणं, रिपोर्ट असलं जड काम असेल तर ते रिक्वेस्टमध्ये करू नका. कमिट झालं की डेटा क्यूवर (जॉबांमधली निरोपांची रांग) ऑर्डर नंबर टाका आणि उत्तर देऊन मोकळे व्हा, मागे एक बॅच जॉब क्यू-आरसीव्ही-डीटीएक्यूवर कायम वाट बघत बसलेला असतो तो उचलेल. डेटा क्यू हा या मशीनवरचा सगळ्यात दुर्लक्षित हिरा आहे असं माझं मत. क्यूमध्ये पूर्ण ऑर्डर भरू नका, फक्त नंबर, कारण ऑर्डर टेबलमध्ये आहेच आणि क्यू रिकामा झाला तरी टेबलवरून पुन्हा भरता येतो.

बिघडलं तर बघायचं कुठे. अपाचेचे एरर लॉग आणि अ‍ॅक्सेस लॉग आयएफएसमध्ये (मशीनची फोल्डरवाली फाइल सिस्टीम), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली तुमच्या इन्स्टन्सच्या नावाच्या फोल्डरमध्ये लॉग्स. तिथे फक्त ५०० दिसला तर खरी गोष्ट सीजीआय जॉबच्या जॉब लॉगमध्ये असते, वर्कअ‍ॅक्टजॉबमध्ये फंक्शनच्या रकान्यात क्यूझेडएसआरसीजीआय लिहिलेले जॉब ते. डीबगसाठी आरडीआय (आयबीएमचा एडिटर) असेल तर सर्व्हिस एंट्री पॉइंट लावा, यूझर क्यूटीएमएचएचटीपी१ द्या, रिक्वेस्ट आली की एडिटर आपोआप त्या ओळीवर थांबतो. नसेल तर एसटीआरएसआरव्हीजॉब आणि एसटीआरडीबीजी, फक्त पाच जॉबपैकी रिक्वेस्ट नेमकी कुठल्याला जाईल ते सांगता येत नाही, म्हणून टेस्ट इन्स्टन्सवर मी जॉबची संख्या एकवर आणून ठेवतो. प्रोग्राम नव्याने कंपाइल केलात की इन्स्टन्स रीस्टार्ट करा. जुना प्रोग्राम त्या जॉबच्या अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुपमध्ये तसाच जिवंत असतो आणि बदल केला तरी फरक पडत नाही म्हणून माणूस डोकं आपटतो, मीही आपटलंय.

लाइव्ह जायच्या आधी एक टेस्ट नक्की करा, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एका ग्रीन स्क्रीनवर ग्राहकाचं रेकॉर्ड चेंजमध्ये उघडून तसंच ठेवा. आता त्याच ग्राहकाची तीच ऑर्डर, तोच युनिक नंबर, दोन वेगळ्या मशीनवरून एकाच वेळी मारा. दोन्हीकडे ५०३ यायला हवा आणि वर्कअ‍ॅक्टजॉबमध्ये एकही एमएसजीडब्ल्यू नको. मग स्क्रीनवरचा एफ१२ दाबा आणि दोन्ही रिक्वेस्ट पुन्हा मारा, दोघांनाही एकच ऑर्डर नंबर मिळाला पाहिजे आणि ऑर्डर फाइलमध्ये एकच रेकॉर्ड. तिसरी रिक्वेस्ट दुसऱ्याच ग्राहकाची मारून बघा, त्यात पहिल्याची एकही ओळ दिसता कामा नये. कुठे अडलात तर जॉब लॉगमधला मेसेज आयडी आणि सेकंड लेव्हल टेक्स्ट दोन्ही लिहून पाठवा, नुसतं "५०० येतोय" पाठवू नका.